काळीचं गटिंग

३ मार्च, सोमवार

बाबांनी आज दुकानाच्या भिंतीवरची लाकडी रॅकेट उतरवली. तिच्यासाठी.

ती म्हणजे धाकट्याची बायको. माझी भावजय. दातांची डॉक्टर, लग्नाला दीड वर्ष झालं. ती टेनिस खेळते हे आम्हाला मागच्या महिन्यात कळलं. कॉलेजात खेळायची म्हणे, 'मग दाढांमध्ये अडकले' – हे तिचंच वाक्य. बाबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मी गेली तीस वर्षं त्यांच्याबरोबर रॅकेटींच्या दुकानात बसते आहे. माझ्या एकाही विनोदाला ठसका लागलेला नाही.

दर वर्षी आपल्या क्लबचा पलीकडच्या क्लबशी जुन्या रॅकेटींचा सामना होतो. रॅकेट निदान तीस वर्षं जुनी हवी, एवढीच अट. यंदा बायकांमधून आपल्याकडून ती खेळणार. बाबांनी परस्पर ठरवलं. क्लबवाले अजून त्यांचा शब्द खाली पडू देत नाहीत. एके काळी निम्म्या गावाला त्यांनी खेळायला शिकवलंय. आणि मला विचारायचं कारणच काय? मी नुसतं गटिंग करते, म्हणजे रॅकेटीत जाळीची तार, गट, ओवते.

दुकानाच्या खिडकीतून कोर्ट दिसतं. बघत उभी राहिले. (गिऱ्हाईक नव्हतं म्हणून.) लाकडीचं तोंड बशीएवढं, वजन कुऱ्हाडीचं. चेंडू बरोबर मधोमध लागला तर लोण्यातून सुरी जावी तसा जातो, बोटभर चुकला तर कोपरापर्यंत झिणझिण्या. लाकडीला सावकाश माणसं आवडतात. आधीच वळून उभं राहायचं, हात पूर्ण मागे न्यायचा, पूर्ण फिरवायचा. भावजय तर चेंडू दिसला की त्याच्या अंगावर धावते. अर्धा तास नुसती खटखट.

बरं वाटलं. वहीत खोटं कशाला लिहू?

४ मार्च

पोलादी. तीही तिलाच.

६ मार्च, गुरुवार

पोलादीला बाबा गोफण म्हणतात. चेंडू लागला की भिरकावून देते – कुठे, ते तिचं तिलाच माहीत नसतं. ज्यांना बाहेर गेलेल्या चेंडूचं दुःख होत नाही त्यांनी ती वापरावी. आणि तिचं गटिंग म्हणजे शिक्षा! चौकटीला भोकंच नाहीत, बाहेरून तारेची वेटोळी घातलेली, त्यांतून गट ओवायचा. माझी बोटं सोलून निघतात. ते कुणाला दिसत नाही.

भावजयीचे तीन चेंडू कुंपणापलीकडे गेले. प्रत्येक वेळी 'सॉरी बाबा.'

बाबा. सासऱ्याला बाबाच म्हणतात, मला काय माहीत नाही? तरी कानाला लागतं.

७ मार्च, शुक्रवार

आज परात. ॲल्युमिनियमची, तोंड लाकडीच्या जवळजवळ दुप्पट. बाबा सांगतात, ती पहिल्यांदा बाजारात आली तेव्हा सगळे हसले, आणि मग हसणारेच हरायला लागले. कडेला लागलेला चेंडूसुद्धा निमूट पलीकडे पोचवते. मागच्या रेषेवर उभं राहून येईल ते परत पाठवणाऱ्या चिवट माणसांची रॅकेट.

भावजय दहा मिनिटांत परत घेऊन आली. म्हणाली, "बाबा, ही फारच समजूतदार आहे. माझं चुकलं तरी मला कळू देत नाही."

बाबांनी मान डोलावली. कशी, तर आपल्याला सुचायला हवं होतं ते दुसऱ्यानं बोलून टाकल्यावर डोलावतात तशी. आणि मी काउंटरमागे कुणाच्या तरी बॅडमिंटनच्या रॅकेटची गाठ मारत होते. एक गिऱ्हाईक आलं. "जाळीचं टेन्शन किती ठेवू?" विचारलं. "टेन्शन नकोच, घरी भरपूर आहे." दिवसातून चार जण हाच विनोद करतात. आज मला हसायला जमलं नाही.

९ मार्च, रविवार

धाकटा आणि ती जेवायला आले होते. जेवणभर रॅकेटी. लाकडी का नाही, गोफण का नाही, परात का नाही. बाबा ताटात बोटानं कोर्ट काढून तिला पाय कुठे हवेत ते दाखवत होते. मी वाढत होते. तिनं उठून मदत करायला घेतली, तर बाबा म्हणाले, "तू बस गं, मोठी बघेल."

मोठी बघेल. मोठी बघतेच.

धाकट्यानं भरल्या तोंडानं विचारलं, "मग आता भिंतीवर उरली कोण?"

"काळी," भावजय म्हणाली.

"ती तर ताईची ना?"

मी पाणी आणायला आत वळले होते, तिथेच थांबले. बाबा म्हणाले, "ती कुणाची नाही. भिंतीची आहे."

११ मार्च, मंगळवार

आज भिंतीचीही राहिली नाही. सकाळी खाली आले तर खिळा रिकामा. भोवती धुळीची चौकट, मधे रॅकेटच्या आकाराचा स्वच्छ रंग. ती धूळ दर आठवड्याला मीच पुसायची, पण रॅकेट न हलवता.

लिहूनच टाकते. मी सतरा वर्षांची होते. बाबांनी काळी ग्राफाइट आणली, त्या काळात दोन महिन्यांची कमाई असेल. मला वाटलं, माझ्यासाठी. त्यांनी मला अर्धा तास खेळू दिलं. मग हातातून घेतली, गट कापून टाकला म्हणजे चौकट वाकायला नको, आणि भिंतीवर टांगली. "अजून नाही," एवढंच म्हणाले. मी विचारलं नाही का ते. आमच्या घरात विचारायची पद्धत नव्हती. त्या वर्षी मी खेळणं कमी केलं, पुढच्या वर्षी सोडलं, आणि गटिंगच्या यंत्रावर बसले. त्या 'अजून'ला एकतीस वर्षं झाली.

काळी नवा गट घालायला माझ्याकडे दिली आहे. मुठीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलीय, पेन्सिलीनं: ५२. म्हणजे तारेचा ताण बावन्न पौंड.

"मऊ ठेव," बाबा म्हणाले. "काळी जड आहे आणि पोरीला हलक्या रॅकेटची सवय आहे. बावन्नच्या वर जाऊ नकोस, हात धरेल तिचा."

काळी कुणाची रॅकेट? पुढे जाणाऱ्यांची. सर्व्हिस करून थेट जाळ्यापाशी धावायचं आणि चेंडू टप्पा पडायच्या आत हवेतच संपवायचा. डोकं लहान, खांदे जड, चुकीला माफी नाही. हे मला कुणी शिकवलेलं नाही, मी एकतीस वर्षं तिच्याकडे बघून शिकले आहे.

१२ मार्च

उभ्या तारा सोळा, आडव्या अठरा. यंत्राची तबकडी बावन्नवर होती. मी ती बासष्टवर नेली.

चुकून नाही.

१३ मार्च, गुरुवार

मला वाटलं होतं रॅकेट हातात घेताच बाबांना कळेल. ते नेहमी बोटाच्या सांध्यानं जाळीवर टकटक करतात आणि आवाज ऐकतात. पूर्वी एखाद्या पौंडाचा फरक आवाजावरून सांगायचे. आज टकटक केलं, रॅकेट कानाशी धरली, पुन्हा केलं. मी काउंटर पुसत राहिले. 

"छान झालंय," म्हणाले आणि तिच्या हातात दिली.

म्हणजे कान गेले. शहात्तर वर्षं झाली, जाणारच. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि मग त्याची लाज.

१६ मार्च, रविवार

ती अप्रतिम खेळते आहे.

माझा डाव असा होता की काळी तिला दगडासारखी लागावी, चार दिवसांत ती कंटाळावी, आणि रॅकेट परत खिळ्यावर जावी. झालं उलटंच. जाळी घट्ट झाल्यामुळे चेंडू जिथे पाठवावा तिथेच जातो, वीतभरही इकडेतिकडे नाही. जोर मात्र सगळा खेळणाऱ्याच्या हाताचा लागतो. आणि ती लावते! आज जाळ्यापाशी तिनं एक बॅकहँड व्हॉली मारली. चेंडू पडला आणि उसळलाच नाही, तिथेच निजला. शेजारच्या कोर्टवरचे खेळ थांबवून बघत होते.

बाबा बाकावरून उठून उभे राहिले. गुडघे दुखतात, तरी.

माझ्यासाठी कधी उठले होते? आठवून बघितलं. परीक्षा होती तेव्हा एकदा – दार उघडायला.

१९ मार्च, बुधवार

भावजय आज डाव्या हातानं चहा पीत होती.

"काही नाही ताई, कोपर जरा धरलंय. सवय नाही ना."

मी म्हटलं, "शेकून घे." तबकडीबद्दल बोलले नाही. बोलायची ती वेळ होती. चहा संपेपर्यंत ती वेळ समोरच बसलेली होती.

२० मार्च

आज ती पुन्हा खेळली. मी अडवलं नाही.

२२ मार्च, शनिवार

धाकट्याचा फोन. काल दाढ काढताना तिच्या हातातून पकड सुटली. पेशंटला काही झालं नाही, नशीब. पण तिला नंतर पेनसुद्धा धरवेना. हाडांच्या डॉक्टरांनी कोपराला पट्टा घातलाय. सहा आठवडे जड काम बंद, दाढा बंद, टेनिस तर बंदच.

दुपारी तिच्या दवाखान्यात गेले. बाहेरच्या खोलीत मदतनीस बाई एकेकाला फोन करून तारखा पुढे ढकलत होत्या. "नाही हो, मॅडमचा हात... नाही, कधी ते सांगता येत नाही." आत भावजय पेशंटच्या खुर्चीत आडवी पडून छताकडे बघत होती. मी आल्यावर हसली. "या बाजूनं किती भीती वाटते बघा ना ताई, मला माहीतच नव्हतं."

"डॉक्टर काय म्हणाले? कशामुळे?"

"म्हणाले, दातवाल्यांना होतंच कधी ना कधी. टेनिसचं निमित्त."

हे वाक्य मी घरी येईपर्यंत घोकत आले. दातवाल्यांना होतंच. दातवाल्यांना होतंच.

तिची टेनिसची बॅग माझ्याकडे आली होती. दुकानात येताच काळी काढली आणि कात्रीनं सगळा गट कापून टाकला. बाबा आले. "का कापलास?"

"तुटला होता."

"हं," म्हणाले. आणि मग, "सामना पुढच्या शनिवारी आहे. तू खेळ."

मला वाटलं मला ऐकू येईनासं झालं.

२३ मार्च, रविवार

काळीचं पुन्हा गटिंग केलं. बावन्न. तबकडी तीनदा तपासली. आता बघा कशी तपासते!

२४ मार्च, सोमवार

सकाळी सहाला कोर्टवर. काळी माझ्या हातात. एकतीस वर्षांनी, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी.

काय लिहू? जमेना. पहिले दहा चेंडू जाळ्यात. मला वाटलं थंडी आहे. पुढचे दहाही जाळ्यात. मी रोज गिऱ्हाइकांच्या रॅकेटींनी भिंतीवर चेंडू मारून बघते, माझा हात मेलेला नाही. बाबा टोपलीतून चेंडू टाकत होते, सावकाश, शाळेतल्या मुलांना टाकावेत तसे. काळी मला पुढे ओढते आणि माझे पाय मागे जातात. चेंडू टप्पा घेऊन कमरेशी आला की मगच माझा हात हलतो. तेवढ्या वेळात काळीचा चेंडू संपलेला असतो.

शेवटी बाबा बोलले. "तेव्हाही असंच झालं होतं."

"कधी?"

"तू सतरा वर्षांची होतीस तेव्हा. तुझ्यासाठीच आणली होती मी. पाच मिनिटांत कळलं की ही तुझी नाही. तू मागे उभी राहून दिवसभर परतवणारी. पण तू तिच्याकडे अशी बघत होतीस, की मला सांगवेना. म्हटलं, अजून नाही."

"एकतीस वर्षं?"

"सांगायचं राहून गेलं."

मला रडू यायला हवं होतं. मला हसू आलं. इतकी वर्षं मी ज्या ताटासाठी रुसले होते त्यातलं मला पचणारच नव्हतं.

बाबा आत जाऊन परात घेऊन आले.

२६ मार्च, बुधवार

परातीबद्दल मी काय काय लिहिलं होतं. चिवट माणसांची म्हणे. आज सलग चव्वेचाळीस चेंडू परतवले. बाबा दमले, मी नाही.

२९ मार्च, शनिवार

सामना झाला. पलीकडच्यांकडून गणिताची एक शिक्षिका आली होती. वयानं माझ्याएवढीच, हातात लाकडी, आणि त्या लाकडीवर तिचा असा हात बसलेला की बघत राहावं. एकच लांब सेट, आधी नऊ गेम घेईल तिचा. मी ९–७ नं हरले. पण पावणेदोन तास लागले तिला! शेवटी हात मिळवताना म्हणाली, "बाई, तुम्ही काही सोडतच नाही हो."

भावजय पहिल्या ओळीत होती. उजवा हात गळ्यातल्या झोळीत. टाळ्या वाजवता येईनात म्हणून डाव्या हातानं बाक बडवत होती. माझा प्रत्येक पॉइंट झाला की बाक वाजायचा. जिंकलेल्या पॉइंटांचे आवाज मोजायला हवे होते, मला मात्र एकच आकडा ऐकू येत होता, बासष्ट.

३० मार्च, रविवार

तिच्या घरी गेले. धाकटा गावाला गेलाय, ती एकटीच होती. सोफ्यावर बसून डाव्या हातानं कपड्यांच्या घड्या घालत होती. मी बसलेही नाही. उभ्या उभ्याच सांगितलं. चिठ्ठीवर बावन्न होतं, मी बासष्ट लावले. मुद्दाम.

तिला आधी समजलंच नाही. "म्हणजे मोजण्यात चूक झाली?"

"नाही. बाबा तुझ्यासाठी उठून उभे राहतात, म्हणून."

हे मोठ्यानं म्हटल्यावर किती लहान वाटलं.

तिनं हातातला टॉवेल खाली ठेवला. मला वाटलं होतं, ती रडेल किंवा समजून घेईल, एवढी समजूतदार आहे. तिनं दोन्ही केलं नाही. म्हणाली, "ताई, माझं पोट या हातावर आहे. तुम्हाला माहीत होतं ते."

"हो."

"मला तुमच्याकडून शिकायचं होतं गटिंग. बाबांना मी विचारलंही होतं. ते म्हणाले, तिला विचार, यंत्र तिचं आहे." तिनं टॉवेल पुन्हा उचलला. "आता तुम्ही जा."

मी निघाले. जिन्यात पायऱ्या दिसेनात.

३१ मार्च

तिचा फोन नाही. मी करावा असं तोंड नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

धाकट्याचाही फोन नाही. म्हणजे तिनं सांगितलं असणार. किंवा सांगितलं नसेल, आणि ते जास्त वाईट.

बाबा रोज दुकानाच्या दाराशी येऊन रस्त्याकडे बघतात. आज विचारलं, "पोर का येत नाही गं? हात दुखतो म्हणून काय घरीच बसायचं?"

मी म्हटलं, काम असेल.

पूर्वी ते असे दाराशी उभे राहिले असते तर मी जळून खाक झाले असते. आज फक्त एवढंच वाटलं की ती यावी. बाबांसाठी नव्हे.

७ एप्रिल, सोमवार

सकाळी दुकान उघडायच्या आधी बाबांना सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "मला तेव्हाच ऐकू आलं होतं."

"मग तिच्या हातात दिलीत कशी?"

त्यांनी आधी गुडघा चोळला. मग म्हणाले, "तिच्यासमोर तुझं काम सोडवून परत करायला सांगितलं असतं तर तुझी मान खाली गेली असती. ते मला बघवलं नसतं. म्हटलं, चार दिवसांत तूच काढशील. तिचा विचार... नाही आला मनात. तू माझी मुलगी आहेस."

हेच ऐकायला मी जन्मभर कान लावून बसले होते.

मी त्यांच्या चपला आणून पुढे ठेवल्या. "दाढा बंद असल्या तरी दहाला दवाखाना उघडते ती. चला, दोघांनी जायचंय."

"ती आपल्याला आत घेईल?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

ते माझा हात धरून उठले.